आक्रमण आणि बचाव यांचा समतोल : हॉकी व्हिडिओ गेम्स आणि रायगडची कबड्डी – एक तौलनिक चिकित्सा

प्रस्तावना :

कोणत्याही स्पर्धात्मक खेळाच्या मुळाशी दोन प्रेरणांचा संघर्ष असतो. एक पक्ष मिळवू पाहतो, तर दुसरा राखू पाहतो. या दोन्ही प्रेरणांना सारखाच वाव असेल तरच खेळात रंगत टिकते. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे वर्गीकरण करताना, स्पर्धेच्या खेळातील संधीची समानता ही कृत्रिमरीत्या निर्माण केलेली असते, असे प्रतिपादन केले. मैदानी खेळात ही समानता नियमांतून साधली जाते. व्हिडिओ गेममध्ये मात्र नियमांच्या जोडीला संगणकीय आज्ञावली येते आणि खेळाडूच्या वतीने तीही खेळू लागते. समतोलाचा प्रश्न त्यामुळे अधिक गुंतागुंतीचा होतो.

पेण आणि रोहा या तालुक्यांतील विद्यार्थ्याला बर्फावरची हॉकी भेटते ती केवळ पडद्यावर. परंतु आक्रमण आणि बचाव यांची जाण त्याला परकी नाही. रायगड जिल्ह्यात कबड्डी गावोगावी रुजलेली असून चढाईइतकीच पकडही येथील प्रेक्षक जाणतेपणाने पाहतो. या जाणिवेच्या आधारे हॉकी व्हिडिओ गेम्समधील समतोलाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हॉकी व्हिडिओ गेम्सची वाटचाल :

कोनामी या जपानी कंपनीचा ‘ब्लेड्स ऑफ स्टील’ हा गेम १९८७ मध्ये आला. त्यात धक्काबुक्कीचे रूपांतर मारामारीत होई आणि हरणारा खेळाडू शिक्षा म्हणून मैदानाबाहेर जाई. बचावाचे फळ येथे कौशल्यापेक्षा मुष्टियुद्धावर अवलंबून होते. १९८८ मधील निन्टेन्डोच्या ‘आइस हॉकी’ने वेगळा मार्ग स्वीकारला. सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा तीन बांध्यांच्या खेळाडूंमधून संघ निवडावा लागे. सडपातळ खेळाडू चपळ, पण धक्क्याने चटकन पडणारा. स्थूल खेळाडू मंद, पण त्याचा फटका जोरदार. प्रत्येक गुणासोबत एक उणीव जोडण्याची ही साधी युक्ती समतोलाच्या दृष्टीने आजही उल्लेखनीय वाटते.

१९९१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीची ‘एनएचएल’ मालिका सुरू झाली. १९९३ मध्ये आलेल्या ‘एनएचएल ९४’ने मारामारी वगळली आणि आलेला पास न थांबवता थेट फटकावण्याची सोय दिली. आक्रमणाला त्यामुळे लय आली. २००६ मधील ‘एनएचएल ०७’मध्ये खेळाडूच्या हातातील स्टिक नियंत्रकाच्या उजव्या दांड्याने फिरवता येऊ लागली. बचावातील स्टिकवर असे सविस्तर नियंत्रण देण्यावर मालिकेने विशेष भर दिला तो २०१७ मधील ‘एनएचएल १८’मध्ये. आक्रमकाचा हात आधी मोकळा झाला आणि बचाव त्याच्यामागून आला, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

नियंत्रणाची विषमता :

हॉकी गेममधील असमतोलाचे मूळ कारण गोलांच्या संख्येत नसून नियंत्रणाच्या वाटणीत आहे. एकट्याने खेळणारा मनुष्य एका वेळी एकाच खेळाडूला चालवतो. आक्रमण करताना हे पुरेसे असते. कारण पक ज्याच्याकडे आहे त्याच्याभोवतीच सारी कृती फिरते. बचावात मात्र जागा अडवणे, पासची वाट बंद करणे, सहकाऱ्याची पोकळी भरून काढणे ही कामे एकाच वेळी अनेकांनी करायची असतात. ही कामे बहुतांशी संगणक करतो. गोलरक्षकही सामान्यतः संगणकच चालवतो. परिणामी आक्रमण हा मनुष्याचा, तर बचाव हा यंत्राचा विषय बनतो.

यातून दोन दोष संभवतात. पहिला दोष पुनरावृत्तीचा. यंत्राच्या बचावातील एखादी फट एकदा सापडली की खेळाडू प्रत्येक वेळी तोच मार्ग वापरतो. गोलसमोरून आडवे सरकत गोलरक्षकाला चकवण्याची ‘एनएचएल ९४’मधील युक्ती याचे परिचित उदाहरण होय. दुसरा दोष उपायातून जन्मतो. फट बुजवण्यासाठी गोलरक्षक अधिक सक्षम केला, तर उत्तम रचलेली चालही निष्फळ ठरते आणि खेळाडूला फसवणूक झाल्यासारखे वाटते. गोलरक्षकाची क्षमता वा धक्क्यांचा जोर कमी-अधिक करण्याची सोय या मालिकेत आहे. परंतु तिने निकाल बदलतो, बचाव करणाऱ्याच्या हाती नवा निर्णय येत नाही.

वेळेचाही येथे विचार करावा लागतो. प्रत्यक्ष सामन्यात २० मिनिटांची तीन सत्रे असतात. गेममध्ये ती बहुधा काही मिनिटांवर आणली जातात. गोलांचे प्रमाण प्रत्यक्षातीलच ठेवले तर अनेक सामने गोलशून्य राहतील. म्हणून गोल सुलभ केले जातात आणि आक्रमणाकडे झुकाव वाढतो. ही व्यावहारिक अपरिहार्यता मान्य करूनही तिची किंमत बचाव चुकवतो, हे नाकारता येत नाही.

कबड्डीतील समतोलाची रचना :

कबड्डीत एक चढाईपटू आणि समोर सात बचावपटू असा उघड विषम सामना असतो. तरीही खेळ समतोल राहतो, कारण नियम दोन्ही बाजूंवर बंधने घालतात. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. चढाईपटूने कोणाला स्पर्श केला नाही तर निदान रेषा ओलांडणे त्याला भाग असते. अन्यथा तो बाद होतो. बोनस गुण मिळतो तोही मैदानात किमान सहा बचावपटू असतानाच. संघ दुबळा झाला असता स्वस्तातला गुण मिळू नये, ही त्यामागील दृष्टी आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे घरोघरी परिचित झालेले दोन नियम या दृष्टीने बोलके आहेत. सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. वेळकाढूपणाला यामुळे आळा बसतो. उलट, तीन वा त्याहून कमी बचावपटूंनी पकड यशस्वी केल्यास अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. म्हणजेच एक नियम आक्रमणाला कृतिशील होण्यास भाग पाडतो, तर दुसरा मोडकळीस आलेल्या बचावाला परतण्याची आशा देतो. शिवाय प्रतिस्पर्धी बाद केला की आपला बाद झालेला सहकारी मैदानात परततो. यशस्वी पकडीने आपले आक्रमणही बळकट होते आणि यशस्वी चढाईने आपला बचावही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथील बचाव सामूहिक असूनही मानवी असतो. कोपऱ्यातील खेळाडूने घोटा कधी धरायचा, साखळीने कधी पुढे सरकायचे, हे निर्णय क्षणात आणि परस्परविश्वासाने घेतले जातात.

तौलनिक विवेचन :

प्रत्यक्ष बर्फावरच्या हॉकीलाही नियमांद्वारे समतोल सावरावा लागला. १९९०च्या दशकात न्यू जर्सी डेव्हिल्ससारख्या संघांनी मैदानाचा मध्यभाग रोखून धरणारी बचावनीती यशस्वी केली आणि गोल आटल्याची टीका होऊ लागली. २००४-०५चा हंगाम मालक-खेळाडू वादामुळे रद्द झाल्यानंतर २००५ मध्ये दोन रेषा ओलांडणाऱ्या पासवरील बंदी उठवण्यात आली. प्रत्यक्ष खेळात बचाव वरचढ ठरला, कारण तेथे बचाव करणारी माणसे होती. पडद्यावर तोच बचाव यंत्राकडे गेला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले.

याला एक अपवाद आढळतो. २००८ मधील ‘एनएचएल ०९’ने आंतरजालाद्वारे प्रत्येक संघात सहा माणसांना एकेक खेळाडू चालवण्याची सोय दिली. या प्रकारात बचाव पुन्हा माणसांकडे येतो आणि साखळीसारखा समन्वय शक्य होतो. मात्र त्यासाठी सहा यंत्रे, सहा जोडण्या आणि सहा समविचारी खेळाडू लागतात. कबड्डीला सपाट माती पुरते.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून असे दिसून येते की समतोल म्हणजे दोन्ही बाजूंच्या गुणांची बरोबरी नव्हे, तर निर्णयस्वातंत्र्याची बरोबरी होय. कोणत्याही क्रीडाविषयक गेमला तीन कसोट्या लावता येतील. बचाव करणाऱ्याला केवळ प्रतिक्रिया द्यायची आहे की निर्णय घ्यायचा आहे? यशस्वी बचावाचे फळ खेळात स्पष्ट दिसते काय? मागे पडलेल्या संघाला नियमानुसार परतण्याची वाट आहे काय? कबड्डी या तिन्ही कसोट्यांना उतरते. हॉकी गेम्स दुसऱ्या कसोटीला अंशतः आणि पहिलीला क्वचितच उतरतात. तिसऱ्या कसोटीबाबत ते हॉकीच्या मूळ नियमांपलीकडे फारसे जात नाहीत.

हा मुद्दा शैक्षणिकदृष्ट्याही गंभीर आहे. ज्या खेळात राखण्याचे काम यंत्र करते, तो खेळ राखणाऱ्याचे मोल शिकवू शकत नाही. पेण-रोह्याच्या मैदानांवर पकडीला मिळणारी दाद ही रसिकतेची एक परंपरा आहे. उद्या येथील विद्यार्थी कबड्डीचा डिजिटल अवतार घडवू लागले, तर चढाई माणसाकडे आणि पकड यंत्राकडे अशी वाटणी त्यांनी स्वीकारू नये. शारीरिक शिक्षण आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हा विषय प्रकल्पकार्यासाठी घेतल्यास त्याचा लाभ दोन्ही ज्ञानशाखांना होईल.