‘युफोरिया’मधील रू : मनोविकाराच्या चित्रणातील शब्द आणि देह

प्रास्ताविक

पौगंडावस्थेतील मुलांवरील दूरचित्रवाणी मालिकांत मनोविकार हा बहुधा कथानकाला वळण देण्यापुरता येतो. विकार उफाळतो, मित्र धावून येतात आणि काही भागांनंतर पात्र पूर्ववत होते. एचबीओ वाहिनीवर जून २०१९ मध्ये सुरू झालेली ‘युफोरिया’ ही अमेरिकन मालिका या रूढीला छेद देते. त्याच नावाच्या इस्रायली मालिकेवरून सॅम लेव्हिन्सन यांनी ती रचली. तिच्यातील रू बेनेट या १७ वर्षांच्या मुलीच्या भूमिकेसाठी झेंडाया हिला २०२० मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, एमी पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये तो पुन्हा मिळाला. या अभिनयाचे मर्म शब्द आणि देह यांतील विसंवादात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

निवेदन आणि देह

रूच्या मनोविकाराचे निदान बालपणीच झालेले आहे. तीव्र चिंता, मंत्रचळ, अवधानातील दोष आणि बहुधा द्विध्रुवी विकार अशी ती यादी आहे. पित्याचे कर्करोगाने निधन झालेले आहे. मालिकेच्या आरंभी अमली पदार्थांच्या अतिसेवनातून वाचलेली रू व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतते. ही सर्व कथा तिच्याच निवेदनातून कळते. निवेदनातील रू हजरजबाबी आहे, स्वतःच्या दुःखाकडे तटस्थपणे पाहणारी आहे. पडद्यावरील रू मात्र खांदे पाडून, सैल कपड्यांत देह लपवून वावरते. विकाराचे ज्ञान असणे आणि विकारावर ताबा असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या अंतरातून स्पष्ट होते.

पहिल्या पर्वाच्या सातव्या भागात हा विसंवाद सर्वाधिक प्रभावी ठरतो. नैराश्याने ग्रासलेली रू अंथरुणात पडून दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम एकामागून एक पाहत राहते. लघवीला जाण्यासाठी उठणेही तिला अशक्य होते आणि अखेर मूत्रपिंडाच्या संसर्गामुळे तिला रुग्णालयात न्यावे लागते. येथे अश्रू नाहीत की आक्रोश नाही. काही न करण्याचा अभिनय ही नटासाठी कठीण कसोटी असते. झेंडाया ती स्थिर नजर आणि जडावलेल्या हालचाली यांतून पार करते. याच भागात उन्मादावस्थेतील रू गुप्तहेराच्या आविर्भावात लेक्सीसमोर तर्कांची साखळी मांडते. वेग वाढतो, वाक्ये तुटतात. प्रेक्षक हसतो, परंतु हा उत्साह त्याच विकाराचे दुसरे टोक आहे, हे लक्षात येताच ते हसू ओसरते.

दुसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात (२०२२) आईने अमली पदार्थ हस्तगत केल्यावर रू शिवीगाळ करते, घरातील वस्तूंची मोडतोड करते, क्षणात क्षमा मागते आणि पुन्हा उसळते. या प्रसंगात प्रेक्षकाची सहानुभूती मिळविण्याचा प्रयत्न अभिनेत्री करीत नाही. आई आणि धाकटी बहीण जिया यांची भीतीही तितकीच खरी वाटते, याचे कारण हेच.

मर्यादा

या मालिकेवरील प्रमुख आक्षेप सौंदर्यीकरणाचा आहे. निळी-जांभळी प्रकाशयोजना, भिरभिरणारा कॅमेरा आणि चकाकती रंगभूषा यांमुळे वेदनेलाही आकर्षक रूप लाभते. त्या रंगभूषेचे तरुणांनी अनुकरण केले. विकाराची छटा तिच्याबरोबर मोहक होऊन जाण्याचा धोका नाकारता येत नाही. निदानांची यादी झाली तरी मानसोपचार कथेत फारसे दिसत नाहीत आणि व्यसनच अग्रभागी येते, ही दुसरी उणीव होय.

मात्र डिसेंबर २०२० मधील विशेष भाग या आक्षेपाला अंशतः उत्तर देतो. त्यात झगमगाट जवळजवळ नाही. नाताळच्या पूर्वसंध्येला एका उपाहारगृहात रू आणि व्यसनातून सावरलेला अली (कोलमन डोमिंगो) समोरासमोर बसून बोलतात. आपण फार काळ जगू इच्छित नाही, हे रू तेथे शांतपणे कबूल करते. प्रथमच तिचे शब्द आणि तिचा देह एकच गोष्ट सांगतात.

समारोप

झेंडायाचा अभिनय मालिकेच्या दृश्यशैलीला अनेकदा विरोध करतो आणि म्हणूनच तो मोलाचा ठरतो. चौकट वेदनेला देखणी करते. देह तिला पुन्हा दैनंदिन, थकलेली आणि कंटाळवाणी करतो. महाविद्यालयीन वर्गातही अस्खलित बोलणारा, विनोद करणारा विद्यार्थी आतून खचलेला असू शकतो. बोलण्यातील चातुर्य हा स्वास्थ्याचा पुरावा नव्हे, याची जाणीव ही भूमिका अध्यापकाला करून देते.