‘मृत तारा’ हा शब्द आम्हाला का खटकतो

मराठी विज्ञानलेखांत श्वेतबटू ताऱ्याला सर्रास ‘मृत तारा’ म्हटलं जातं. इंधन संपलेला, निवत चाललेला निखारा. एकट्या श्वेतबटूला हे वर्णन चालेल. जोडताऱ्यातल्या श्वेतबटूला नाही. आमचा आक्षेप तिथंच आहे.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या मोठ्या कापडगिरण्या बंद पडल्या, म्हणून चादरी विणायच्या थांबल्या का? विकतच्या सुतावर यंत्रमाग चालूच राहिले. श्वेतबटूचंही तसंच: स्वतःचं इंधन संपलं, पण शेजारच्या ताऱ्याचा वायू येत राहतो.

वस्तुमान साधारण सूर्याएवढं आणि आकार पृथ्वीएवढा, त्यामुळं हा वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगानं आदळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण देतो. ही आच पडण्याची. पुढं साचलेल्या हायड्रोजनच्या थरात अणुकेंद्रांचं संमीलन भडकतं आणि ‘नवतारा’ दिसतो. उरलेला थर लाखो अंशांवर जळत राहून मृदू क्ष-किरण देतो. ही आच जळण्याची. लेखांत मात्र दोन्ही ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात!

धनु राशीतला व्ही ३८९० हा जोडतारा १९६२, १९९० आणि ऑगस्ट २०१९ मध्ये असा भडकला. तिसऱ्या वेळी ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरच्या दुर्बिणीनं त्याचे क्ष-किरण टिपले. त्यावरचा के. पी. सिंग आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा शोधनिबंध पाहा. आठ दिवसांनी दिसले ते फक्त तीव्र क्ष-किरण, फेकलेला वायू जोडीदाराच्या वायूवर आपटल्याचे. साडेआठ दिवसांनंतर मृदू किरणांची पहिली चाहूल लागली. मग ते तासातासाला कमीजास्त होत राहिले. मेलेल्याची नाडी अशी चालते का?

निबंधाचा मोठा गुण म्हणजे, आपली आकडेमोड गृहीत धरलेल्या प्रतिमानावर अवलंबून आहे, हे तो स्वतःच सांगतो. आपले लेख ही कबुली वगळतात आणि सगळं ठाम करून टाकतात.

एवढा काथ्याकूट कशाला? कारण आलेल्या वायूपैकी किती टिकला आणि किती उडाला, यावर पुढचं ठरतं. वाढत वाढत वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीपर्यंत गेलं, तर अख्खा ताराच फुटू शकतो. अशाच प्रकारच्या स्फोटांवरून विश्वातली अंतरं मोजली जातात. जमाखर्च चालू असताना खातं बंद झालं असं आपण लिहू नये, इतकंच आमचं म्हणणं.