पिर्सिगची मोटारसायकल आणि मामांची जावा

कॉलेजात असताना वाचलेले, आणि त्या वयाला साजेशा खुणा समासात करून ठेवलेले पुस्तक पन्नाशीनंतर पुन्हा उघडणे हे एक धाडसच असते. रॉबर्ट पिर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' या पुस्तकाच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाने ते गेल्या वर्षी केले. आणि तेही आरामखुर्चीत बसून नव्हे, तर डिझेलने माखलेल्या हातांनी. पानांवर बोटांचे काळे ठसे उमटले आहेत ते त्यामुळे.

१९७४ साली निघालेले हे पुस्तक पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६८ च्या उन्हाळ्यात पिर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनिआपोलिसहून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत मोटारसायकलने गेला. त्या प्रवासाची हकीकत हा ग्रंथाचा सांगाडा. त्यावर यंत्र, विज्ञान आणि गुणवत्ता यांविषयीची लांबलचक प्रवचने चढविलेली आहेत, आणि आत एक भूत वावरते आहे: विजेचे झटके देऊन पुसून टाकलेले लेखकाचेच पूर्वीचे मन. एकशे एकवीस प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत केले होते. त्यांना दोष देववत नाही.

विशीत मी ज्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या त्या प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि शिकागो विद्यापीठातील वादविवादाच्या होत्या. आज तीच प्रकरणे मला जड वाटली. लेखक तेथे आपल्या जुन्या प्राध्यापकांशी उरलेले भांडण पुरे करून घेतो आहे, असे सारखे मनात येते. उलट ज्या पानांवरून तेव्हा मी भराभर पुढे गेलो होतो, ती अडकलेल्या स्क्रूची पाने, या वेळी तीन-तीनदा वाचली. याचे कारण मामांची जावा.

गाडी १९६६ सालची. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने मैसूरला १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे त्यांचेच नाव 'येझ्दी' झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, टाकीच्या दोन्ही अंगांना चकचकीत क्रोम, आणि किक व गिअर यांचा दांडा एकच, असा तिचा थाट असे. मामांच्या पश्चात ती साताऱ्याच्या वाड्याच्या पडवीत बारा-पंधरा वर्षे पोत्यांखाली पडून होती. मामी म्हणाल्या, "नेतोस तर ने बाबा, नाहीतर पाडव्याच्या आत भंगारवाल्याला देते." मी नेली. तोवर माझ्या हाताने सायकलचे पंक्चरसुद्धा काढलेले नव्हते.

दुसऱ्याच रविवारी इंजिनच्या बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू अडला. झाकण ॲल्युमिनियमचे, स्क्रू लोखंडाचा. दोन धातूंच्या मध्ये ओल शिरली की ते एकमेकांना असे धरून बसतात की सोडता सोडवत नाहीत. मी जोर लावला आणि स्क्रूची खाचच झिजून गेली. पिर्सिगने नेमका हाच प्रसंग घेतला आहे. चार पैशांचा स्क्रू, पण तो निघत नाही तोवर त्याची किंमत अख्ख्या मोटारसायकलीएवढी, हे त्याचे म्हणणे मला विशीत चतुराईचे वाटले होते. आज ते साधे सत्य वाटते. तो पुढे म्हणतो की अडून बसण्याच्या या क्षणी डोके रिकामे होते, आणि खरा विचार तेथूनच सुरू होतो. माझा विचार सुरू झाला तो दोन दिवसांनी. ॲल्युमिनियम तापले की लोखंडापेक्षा अधिक फुगते. तेव्हा झाकण तापवावे, म्हणजे स्क्रूची पकड सैल होईल. झाली.

अशा प्रसंगी माणसाजवळ जे लागते त्यासाठी पिर्सिग 'गंप्शन' हा एक घरगुती इंग्रजी शब्द वापरतो. मराठीत त्याला 'अवसान' म्हणावे. आपले अवसान गळते, म्हणजे काय होते, याची त्याने केलेली छाननी हा पुस्तकातील सर्वांत उपयुक्त भाग होय. उलटे जोडलेले भाग, मध्येच संपलेला धीर, 'मला येते' हा ताठा, सगळे त्यात आहे. सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवा आणि वहीत टिपा, हा त्याचा सल्ला मी अक्षरशः पाळला. रविवार पुरवण्यांचा इतका सदुपयोग मी पूर्वी कधी केला नव्हता.

परंतु येथेच माझा पिर्सिगशी मतभेद सुरू होतो. त्याची मोटारसायकल, एक होंडा, प्रवासाच्या वेळी जेमतेम दोन वर्षांची होती. तिला त्याच्याखेरीज फारसे कोणाचे हात लागलेले नव्हते, आणि जे लागले त्यांच्याविषयी तो कडवट आहे. रेडिओ लावून बेफिकिरीने इंजिन खोलणारे, एका तुटलेल्या पिनेकडे लक्ष न देता सगळे पुन्हा जोडणारे कारागीर त्याने रंगविले आहेत. तसे लोक असतात, मलाही भेटले. पण देखभाल निराळी आणि जीर्णोद्धार निराळा. जुनी गाडी उघडली की आपण एकटे राहत नाही. मामांच्या जावाच्या क्लचच्या झाकणाखालचे पॅकिंग काढले, तर ते एका लग्नपत्रिकेतून कापलेले निघाले. तेलाने पारदर्शक झालेल्या त्या पुठ्ठ्यावर 'कृपाभिलाषी' एवढा शब्द अजून वाचता येत होता. पिर्सिगच्या मित्राला आपल्या बीएमडब्ल्यूत बिअरच्या डब्याचा पत्रा घातलेला खपत नाही, आणि त्यावर पिर्सिग काही पाने खर्च करतो. हे पॅकिंग त्याच्या हाती पडते, तर तो त्याला वस्तूचा निव्वळ गुणधर्म पाहणारी दृष्टी म्हणाला असता. ती तशी आहेच. पण हे पॅकिंग कापणारा कोणी होता, त्याला दुकानापर्यंत जायला सवड नव्हती, आणि घरात नुकतेच कोणाचे तरी लग्न झाले होते, हेही त्यात आहे. पिर्सिगची गुणवत्ता माणूस आणि वस्तू यांच्या भेटीच्या क्षणी जन्मते. त्या भेटीत तिसरा कोणी आधीच येऊन गेलेला असतो, ही शक्यता तो विचारातच घेत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढेही मधल्या तीनशे वर्षांतील हातांचाच प्रश्न होता. जुन्या वस्तूला हात घालणाऱ्याला तो टळत नाही, मग वस्तू केवढीही लहान असो.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या फजितीची. गाडी सुरू झाली. दोन-तीन किलोमीटर जाई आणि बंद पडे. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. दोष कार्बोरेटरमध्येच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी तो सात वेळा खोलला. पुस्तकात पिर्सिगने दक्षिण भारतातील माकडाच्या सापळ्याची गोष्ट सांगितली आहे. नारळात ठेवलेल्या भातावर माकडाने मूठ आवळली की ती भोकातून निघत नाही, आणि मूठ सोडण्याचे त्याला सुचत नाही. ती गोष्ट मी त्याच आठवड्यात वाचली, हसलो, आणि आठव्यांदा कार्बोरेटर खोलावयास बसलो! अखेर आमच्या गल्लीतील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी गाडी चालवून बंद पाडली, टाकीचे झाकण जरासे फिरविले आणि म्हणाले, "ऐका साहेब." आत हवा शिरल्याचा बारीक 'हिस्स' आवाज आला. झाकणाला हवेसाठी असलेले भोक माझ्याच पॉलिशने बुजले होते. टाकीत हवा जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मिस्त्रींनी झेन वाचलेले नाही. काम करताना त्यांचा रेडिओही चालू असतो.

एवढे दोष काढूनही हे पुस्तक मी टाकून देणार नाही, आणि त्याचे कारण मोटारसायकल नव्हे, ख्रिस आहे. इंजिनचा बारीकसारीक आवाज ओळखणाऱ्या या माणसाला पाठीमागे बसलेल्या मुलाच्या पोटदुखीचे कारण ओळखता येत नाही. सगळा प्रवासभर ख्रिसला दिसते ती बापाची पाठ. शेवटच्या पानांवर तो पायटांवर उभा राहतो, बापाच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि त्याला प्रथमच पुढचा रस्ता दिसतो. सगळ्या तत्त्वज्ञानावर मात करणारे असे हे दृश्य आहे. १९७९ साली सान फ्रान्सिस्कोत त्या मुलाचा खून झाला हे ठाऊक असलेल्याला ते वाचवत नाही. पिर्सिगची ती होंडा आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे त्या काळी पोरे मागे बसत नसत. त्यांची जागा पुढे, टाकीवर. आज तसे बसविणे कायद्यात बसणार नाही, आणि ते बरेच आहे. पण मामांच्या जावाच्या टाकीवर बसून मी सातारा ते कोरेगाव हा रस्ता पाहिला तो बापाच्या किंवा मामाच्या पाठीवाचून पाहिला. दप्तराच्या बकलाने क्रोमवर पडलेले ओरखडे अजून आहेत. टाकी पुन्हा चकचकीत करून देणाऱ्या कारागिराला मी सांगितले की तेवढी जागा सोडून दे. त्याला ते पटले नाही. क्रोम एक तर सगळे होते किंवा होत नाही, असे तो म्हणाला, आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचेच खरे आहे. टाकी अजून त्याच्याकडेच पडून आहे.