पाचशे रुपयांचा प्रश्न : ‘झुंड’ आणि कॉलेजच्या खेळाडूची मजुरी

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, “सर, कॉलेजकडून खेळणाऱ्या पोराला पैसे द्यायला पाहिजेत का?” आम्ही घाईत उत्तर देऊन मोकळे झालो, “खेळ पैशासाठी नसतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मात्र गप्प बसला. नंतर कळलं, तो फुटबॉल खेळतो आणि लग्नसराईत वाढप्याचं काम करतो. सामना असला की त्याची रोजी बुडते. आमचं उत्तर चुकलं होतं. कुठे चुकलं ते आज नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’च्या आधाराने पाहू.

‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला आला. त्यामागची गोष्ट आपल्याच गावची आहे. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं पाहिली, त्यांना चेंडू दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. चित्रपटात अमिताभ बच्चन विजय बोराडे झाले आहेत. कॉलेज आणि वस्ती यांच्या मध्ये एक भिंत आहे. या भिंतीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, ते योग्यच आहे. आम्हाला बोलायचं आहे ते दुसऱ्या एका प्रसंगाबद्दल.

बोराडे सर पोट्ट्यांना म्हणतात, खेळा, पाचशे रुपये देतो. पोट्टे खेळतात, पैसे घेतात. असं काही दिवस चालतं. मग एक दिवस सर सांगतात, आता पैसे नाहीत. मुलं घुटमळतात, आणि शेवटी म्हणतात, तसंच खेळू द्या. थिएटरात इथे सगळ्यांना भरून येतं. आम्हालाही आलं होतं. प्रसंग खराच सुंदर आहे, कारण नशेत आणि चोरीत अडकलेल्या मुलांना पहिल्यांदा स्वतःची हौस सापडते.

पण मंडळी, मजुरी थांबली आणि त्याच क्षणी मुलं ‘खरे खेळाडू’ झाली, असं चित्रपट इथे नकळत सांगून जातो. आमची हरकत याला आहे. लहान मुलांपुरतं ते चालेल. पैसे हे तिथे आमिष होतं, आणि आमिष काढून घ्यायचंच असतं. पण हीच मुलं एकोणीस-वीस वर्षांची होऊन कॉलेजच्या जर्सीत उतरली, म्हणजे काय? हा प्रश्न पटकथेला पडत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. मोल असतं, ते कोण भरतं एवढाच प्रश्न असतो. ‘हौशी’ खेळाडूची कल्पना वाढली व्हिक्टोरियन इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत. तिथल्या गिरण्या-खाणींतल्या कामगारांना सामन्यासाठी काम सोडावं लागे. उत्तरेकडच्या रग्बी क्लबांनी फक्त बुडालेली मजुरी भरून द्यायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, आणि १८९५ मध्ये रग्बीचे दोन तुकडे झाले. फुटबॉलवाले थोडे शहाणे निघाले. त्यांनी १८८५ मध्येच खेळाडूला पैसे देणं कायदेशीर केलं.

अमेरिकेत हाच वाद कॉलेजांत झाला. तिथलं फुटबॉल वेगळं, अंडाकृती चेंडूचं. पण टीव्हीचा पैसा अफाट. प्रशिक्षकाला कोट्यवधी आणि खेळाडूला शिष्यवृत्ती, असं कित्येक वर्षं चाललं. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अल्स्टन’ खटल्यात कॉलेज क्रीडासंघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला. लगेच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावता येऊ लागलं. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं आपल्या उत्पन्नातून थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसण्याची अटही गेली. आता तिथे रडगाणं उलटं आहे : पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, संघ टिकत नाही. म्हणजे नियम हवेतच. आधी राबवून घ्यायचं आणि मग एकदम दार उघडायचं, याने गोंधळच होतो.

“आपल्याकडे कुठे एवढा पैसा?” बरोबर आहे. पण आपल्याकडेही मोबदला आहेच, फक्त तो रोख नाही. दहावी-बारावीला २५ पर्यंत सवलतीचे गुण. राज्याच्या नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. म्हणजे आपण खेळाडूला उधारीवर खेळवतो. चुकती होणार प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्र मिळायच्या आधी गुडघा गेला, तर उधारी बुडाली. आणि मोल सगळं त्या कागदात असल्यामुळेच बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला. कॉलेजला मात्र उधारी नाही. करंडक लगेच काचेच्या कपाटात जातो, नॅकच्या अहवालात पदकं मोजली जातात.

आता दुसरा मुद्दा, ये-जा करण्याचा. इथे ‘झुंड’ फार पुढे गेला आहे. उत्तरार्धात सामने कमी आणि कागद जास्त आहेत. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचे वडील ओळखीच्या एका पुराव्यासाठी वणवण फिरतात. अंकुश गेडामच्या डॉनला पोलीस केस आडवी येते. परदेशात खेळायला जायचंय आणि पायात बेडी कागदाची. काहींना हा भाग लांबलेला वाटला. आमच्या मते चित्रपटाचं सगळ्यात खरं निरीक्षण तिथेच आहे. कॉलेजच्या खेळाडूचंही हेच असतं. आपल्याकडे ट्रान्स्फर म्हणजे टीसी! दाखला ऑफिसच्या कपाटात, मायग्रेशन विद्यापीठात, आणि पोरगा खिडकीबाहेर उभा.

आणखी एक गंमत बघा. या चित्रपटाचं प्रदर्शन २०२० मध्ये तेलंगणातल्या न्यायालयाने रोखलं होतं. झोपडपट्टी फुटबॉलमधून पुढे आलेला खेळाडू अखिलेश पॉल याच्या जीवनकथेचे हक्क आपण घेतलेत, असा हैदराबादच्या एका चित्रपटकर्मीचा दावा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. खेळाडूच्या खेळाला किंमत नाही म्हणणाऱ्या या देशात त्याच्या गोष्टीवर मात्र वकील उभे राहतात.

मग करायचं काय? आमच्या तीन साध्या मागण्या आहेत. एक, सरावाला आणि सामन्याला बुडालेली मजुरी कॉलेजने भरून द्यावी. हे अशक्य नाही. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिना १०,००० रुपये हातखर्च मिळतोच, आणि त्याने कोणाची हौस आटल्याचं दिसत नाही. दोन, कॉलेजसाठी खेळताना मोडलेल्या हाडाचा खर्च कॉलेजचा. तीन, टीसी अडवायची नाही. पण हंगामाच्या मध्यात संघ सोडायचाही नाही, आणि हे दोन्ही आधी लिहून घ्यायचं. फिफाच्या नियमांत खेळाडू व्यावसायिक झाला की त्याला घडवणाऱ्या क्लबला भरपाई मिळते. ती संलग्न क्लबांनाच. वस्तीतल्या मास्तरचा आणि छोट्या कॉलेजचा वाटा त्यात कसा धरायचा, हा विचार आपल्या संघटनांनी करावा.

‘झुंड’ने भिंतीपलीकडचं मैदान दाखवलं, हे त्याचं मोठं काम. पण मैदानात आलेल्या पोराला संध्याकाळी घरी काय न्यायचं असतं, ते त्या पाचशेच्या नोटेबरोबर पडद्यावरून निघून गेलं.

तो विद्यार्थी आज आला असेल तर त्याला आमचं सुधारलेलं उत्तर : हो, द्यायला पाहिजेत. निदान बुडालेली रोजी तरी. थांबतो. आता तुमचे प्रश्न.