प्रस्तावातून गळलेली एक ओळ

टीका म्हटलं की डोळ्यांसमोर कादंबरी येते, नाटक येतं. आज आम्ही ज्या मजकुरावर बोलणार आहोत, तो कुणी हौसेनं वाचत नाही. तो म्हणजे इमारतीच्या कमिशनिंगचा प्रस्ताव, तांत्रिक सेवा देणाऱ्यांनी काम मिळवण्यासाठी मालकाला पाठवलेली पंधरा-वीस पानं. असे प्रस्ताव आम्ही बरीच वर्षं लिहिले आहेत. त्यामुळे ही टीका आधी आमच्यावरच आहे, हे सांगून टाकतो.

कमिशनिंग म्हणजे काय? चिलर, पंप, एएचयू, जनरेटर, फायर अलार्म, बीएमएस हे सगळं वेगवेगळे कंत्राटदार बसवतात. ते एकत्र, मालकाला हवं तसं चालतं का, हे तिऱ्हाइतानं तपासून लिहून देणं म्हणजे कमिशनिंग. साइटवर आपण ज्याला 'टेस्टिंग-कमिशनिंग' म्हणतो, ते मात्र बहुतेक वेळा कंत्राटदारानं आपलंच यंत्र चालू करून दाखवणं असतं. शब्द एकच, कामं दोन. घोळ इथूनच सुरू होतो.

आता प्रस्ताव उघडू. पहिल्या पानावर ऊर्जाबचत असते. तिला आधार आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या इव्हान मिल्स यांनी 2009 साली 643 इमारतींचा अभ्यास मांडला. मध्यक बचत जुन्या इमारतींत 16 टक्के आणि नव्या इमारतींत 13 टक्के निघाली. प्रस्तावात काय होतं? त्यातला मोठा आकडा उचलायचा आणि नव्या इमारतीच्या मालकाला द्यायचा. मध्यक म्हणजे निम्म्या इमारतींना त्याहून कमी मिळालं, हे कोण सांगणार! शिवाय दोष नुसता सापडला म्हणून वीज वाचत नाही, तो दुरुस्त झाला तर वाचते. दुरुस्ती कोण करणार, कोणाच्या पैशानं करणार, यावर प्रस्तावात चकार शब्द नसतो.

पुढच्या पानावर 'लीड' प्रमाणपत्र. त्यात मूलभूत कमिशनिंग सक्तीचं आहे आणि अधिकचं केलं तर गुण मिळतात. विकणाऱ्याला हे फार सोयीचं. पण गुणांसाठी घेणारा मालक आम्हाला एकच प्रश्न विचारतो, 'कागद कधी मिळेल?'

खरं वाचायचं ते कामाच्या व्याप्तीचं कोष्टक. नेमणूक कोणी केली, कधी केली, साइटवर किती दिवस, आणि सगळ्या यंत्रणांची एकत्रित चाचणी आहे की नाही? ॲश्रेची गाइडलाइन शून्य, 2005 सालची, सांगते की सुरुवात आराखड्याच्याही आधी, मालकाच्या गरजा लिहून काढण्यापासून करावी. आम्हाला फोन येतो तेव्हा फॉल्स सीलिंग लागत आलेलं असतं. तरी आम्ही प्रस्तावात 'डिझाइन रिव्ह्यू' लिहितोच. आता डक्ट वर चढल्यावर रिव्ह्यू कसला करणार?

एक आमचीच गोष्ट सांगतो. एका ऑफिस इमारतीचं काम होतं. मालकाचा खरेदी विभाग म्हणाला, 'अजून दहा टक्के कमी करा.' आमच्या बिझनेस डेव्हलपमेंटच्या सहकाऱ्यानं विचारलं, 'यातलं काय काढता येईल?' आम्ही एका ओळीवर बोट ठेवलं. मुख्य वीज तोडून सगळं आपोआप परत येतं का, हे बघायच्या दोन रात्रींची ती ओळ होती. तिच्यापुढे लिहिलं, 'इतरांकडून'. हे 'इतर' कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी वीज गेली. जनरेटर वेळेत सुरू झाला. पण बीएमएसचे कंट्रोलर यूपीएसवर घेतलेलेच नव्हते. ते बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि हातानं रीसेट करेपर्यंत एएचयू बंदच राहिले. त्यातलाच एक यूपीएसच्या खोलीचा. खोली तापली, यूपीएसनं लोड सोडला आणि अख्खं ऑफिस बसलं. कंत्राटदारांची सगळी प्रमाणपत्रं बरोबर होती. आमचा अहवालही बरोबर होता. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ती ओळ नव्हती.

यावर 'सेल्सवाले असंच करतात' म्हणणं सोपं आहे. पण त्यानं फक्त विचारलं होतं. बोट आम्ही ठेवलं, इंजिनिअरांनी. त्याच्यापुढे तिमाहीचं टार्गेट होतं, आणि नापास झालेली चाचणी आम्ही त्याला कधी दाखवलीच नव्हती. जे पाहिलं नाही, त्यासाठी माणूस भांडणार कसा?

म्हणून आमचं म्हणणं असं. इमारतीची तपासणी किती खरी होणार, हे साइटवर ठरत नाही, भाव ठरतो त्या टेबलावर ठरतं. पैसे कमी असतील तर नमुने कमी करा. एकसारख्या शंभर व्हीएव्हींपैकी वीस तपासा, आणि तसं स्पष्ट लिहा. एकत्रित चाचणीला हात लावू नका. आमची फी मालकानंच द्यावी. ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडून ती आली, की पेन जड होतं. आणि काम आणणाऱ्या माणसाला एक रात्र चाचणीला उभं करा. दुसऱ्या दिवशी तो वेगळा प्रस्ताव लिहील.

मालक मंडळी इथं बसली असतील, त्यांना एकच विनंती. पुढचा प्रस्ताव हातात आला की शेवटून वाचा. 'समाविष्ट नाही' अशी एक यादी तिथं बारीक अक्षरात असते. तुमची इमारत कुठं अडणार, ते बहुधा तिथं लिहिलेलं असतं.

आता प्रश्न घेऊ.