‘अप’ कुणाच्या दृष्टीने? उन्नतीच्या शब्दांची झडती

आजचा विषय शब्दांचा आहे, पण सुरुवात आम्ही विरार स्टेशनच्या फलाटावरून करणार आहोत. सकाळी चर्चगेटला नेणारी गाडी ‘अप’, संध्याकाळी घरी आणणारी ‘डाऊन’. नकाशात विरार वर आहे, चर्चगेट खाली. तरी खाली जाणारी गाडी अप! कारण रेल्वेच्या भाषेत ‘अप’ म्हणजे मुख्य ठाण्याकडे. तिकडे इंग्लंडात लंडनकडे, इथे मुंबईकडे. एप्रिल १८६७ मध्ये विरारहून बॅकबेकडे गाडी धावू लागली. आज लाखो माणसं रोज घरी परततात ती ‘डाऊन’ने, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. म्हणजे ‘वर’ ही नुसती दिशा नसते. केंद्र कुठे मानायचं, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे सुचायला निमित्त झालं आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं. सभेत एक माहितीपत्रक वाटलं गेलं. आम्ही सवयीने पेन्सिल काढली. अपग्रेड, अपलिफ्ट, एलिव्हेट, एन्हान्स, इम्प्रूव्ह, रीडेव्हलप: दोन पानांत सगळे भेटले. कोशात हे शेजारीशेजारी बसतात. पण समानार्थी शब्द म्हणजे जुळी भावंडं नव्हेत. प्रत्येकाचं कूळ वेगळं असतं. ते तपासू या.

‘इम्प्रूव्ह’ घ्या. याच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला नफ्याचा शब्द आहे. जमीन ‘इम्प्रूव्ह’ करणं म्हणजे तिच्यातून जास्त उत्पन्न काढणं. इंग्लंडात पुढे गावाची सामाईक कुरणं कुंपणात गेली, ती याच शब्दाच्या आधाराने. केवळ ‘बरं करणं’ हा अर्थ नंतर रुजला. रेमंड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘कीवर्ड्स’ या पुस्तकात या शब्दाची स्वतंत्र नोंद केली आहे, ती याच गुंत्यामुळे. नफा आणि भलं एकाच शब्दात नांदू लागले, की वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटू लागतात. त्या माहितीपत्रकाची सगळी भिस्त यावरच होती.

‘डेव्हलप’ म्हणजे गुंडाळलेलं उलगडणं. लिफाफ्याला आपण एन्व्हलप म्हणतो, तो याचाच भाऊबंद. आपला ‘विकास’ही तसाच: फुलणं, उमलणं. दोन्हींत गृहीत धरलंय की आत काहीतरी आधीपासून आहे आणि ते आपणहून बाहेर येतं. कळीचा विकास होतो, कुणी तो करत नाही. आज आपण मात्र ‘विकास करतो’ म्हणतो. ‘होणे’ गेलं, ‘करणे’ आलं, आणि मागोमाग ‘विकासक’ आला. एका क्रियापदाच्या बदलाने जागेचा मालक व्याकरणातसुद्धा कर्ता राहिला नाही.

‘अपलिफ्ट’ला आपण ‘उद्धार’ म्हणतो. इथे तर उचलणारा वेगळा आणि उचलला जाणारा वेगळा. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. त्या नावात ‘हित’ आहे, ‘उद्धार’ नाही. आम्हांला हे सूचक वाटतं. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हा सुधारणा म्हणजे समाजाने स्वतःचे आचार विवेकाने तपासणं. तोच शब्द १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावात येतो: सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास. मधला शब्द नीट ऐका.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक, तुम्ही स्वतः फ्लॅटमध्ये राहता, तुमचं काय जातं? प्रश्न रास्त आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं नालासोपारा-विरारला आली. दहा बाय बाराच्या खोलीतून स्वतःच्या दाराच्या घरात येणं ही खरीच उन्नती होती, तिला आम्ही नावं ठेवणार नाही. पंचाहत्तरीतल्या बाईंना लिफ्ट हवी, तर ती मिळायलाच हवी. आमची तक्रार वर जाण्याशी नाही. वर जाण्याच्या किमतीचा रकाना कोरा ठेवणाऱ्या भाषेशी आहे.

तो रकाना या भूमीत अनेकांनी भरायचा प्रयत्न केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने बागायत आणि पाण्याचा प्रश्न उचलला. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महानगरपालिका झाली. कागदावर ती दर्जावाढ. अनेक गावांनी मात्र विरोध केला. त्यांच्या लेखी पंचायत जाणं म्हणजे निर्णय आणखी दूर जाणं होतं. पुन्हा तोच अप-डाऊनचा प्रश्न.

आमच्या गल्लीतलंच सांगतो. रस्ता दर डागडुजीला थोडा उंच होत गेला. कागदोपत्री ही रस्त्याची सुधारणा. पण तळमजल्याचे उंबरे जागच्या जागीच राहिले, म्हणजेच खाली गेले. जुलै २०१८ च्या पुरात पाणी कुठे शिरलं, ते वेगळं सांगायला नको. एकाची उंची ही दुसऱ्याची खोली असते, हे इंग्रजीतला कुठलाच ‘अप’ सांगत नाही.

मराठीला ‘वर’चं एवढं कौतुक कधी नव्हतंच. ‘वरची कमाई’ म्हटलं की भुवया उंचावतात, आणि माणूस ‘वर गेला’ तर खांदेकरी शोधावे लागतात! सुखाचे आपले घरगुती शब्द चढण्याचे नाहीत, भरण्याचे आहेत: भरभराट, भरलं घर, भरल्या पोटी, भरला संसार. वसईची बावखलं अशीच पावसात भरत, आणि त्यांच्या ओलीवर केळी, पानवेली जगत. आता त्यांतली कितीतरी भरली आहेत ती मातीने. शब्द तोच, ‘भरणं’. म्हणजे आपला शब्दही निष्पाप राहिला नाही.

म्हणून कुठलाही शब्द आपोआप चांगला नसतो. पुढच्या सभेत कुणी ‘अपग्रेड’ म्हणालं, तर तीन साधे प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत वर? उचलतंय कोण? आणि खाली कोण राहिलं? आम्ही आमच्या सभेत हे विचारले. उत्तर यायचं आहे. तोवर आम्ही सही केलेली नाही.

आता तुम्ही विचारा.