अक्षर आणि अर्थ

मराठी शाळेंत मूल वाचावयास कसें शिकतें, याची चिकित्सा आपल्या टीकाकारांनीं फारशी केलेली नाहीं. कादंबरी, काव्य, नाटक यांचे गुणदोष आपण हौसेनें पाहतों. पण ज्या चोपडीवर प्रत्येक वाचकाचा पाया घातला जातो, ती चोपडी टीकेच्या कक्षेंत येत नाहीं. ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचतां येत नाहीं, असें 'असर' या पाहणीनें २००५ पासून वारंवार दाखविलें आहे. तेव्हां ही उपेक्षा आतां परवडणारी नाहीं.

जुन्या गांवठी शाळेंत मूल धूळपाटीवर ओनामा गिरवी, मग मूळाक्षरें, मग बाराखड्या, मग कित्ता. या क्रमाची टिंगल करणें सोपें आहे. पण त्याच्या पोटांत एक खरी गोष्ट होती. देवनागरी ही इंग्रजी वर्णलेखनासारखी लहरी नव्हे. व्यंजनें तिसाहून अधिक, बाराखडीचीं रूपें बारा. गुणाकार केला तर चारशेंवर आकृति होतात, पण त्या पाठ कराव्या लागत नाहींत, नियम कळला कीं पुरे. शब्द आकृतीवरून ओळखावा कीं अक्षरांच्या ध्वनींवरून, हा वाद अमेरिकेंत रूडॉल्फ फ्लेश यांच्या १९५५ च्या पुस्तकानें पेटला. त्याला इंग्रजी लेखनाच्या विक्षिप्तपणानें मोठें खाद्य पुरविलें. तो वाद जसाच्या तसा आपल्या वर्गांत आणणें म्हणजे शेजाऱ्याच्या दुखण्याचें औषध आपण घेणें होय.

मग जुन्या क्रमाचें चुकतें कोठें? विलंबांत. मूळाक्षरें संपेपर्यंत कान्यामात्रांस हात लावावयाचा नाहीं असें ठरलें, म्हणजे तोंवर मुलाला वाचावयास द्यावयाचें काय? कान्यामात्रांवांचूनचीं वाक्यें. मराठी क्रियापदाला काना, मात्रा, वेलांटी लागल्यावांचून धड काळसुद्धां दाखवितां येत नाहीं. म्हणून या वाक्यांत जिकडे तिकडे आज्ञा! बघ, धर, कर, चल. अशी मराठी कोणाची आई बोलत नाहीं. वाचणें म्हणजे कोणीतरी कांहींतरी सांगत आहे तें ऐकणें, ही गोष्ट मुलाला कळण्यापूर्वींच वाचणें म्हणजे ओरडणें, अशी त्याची समजूत होऊन बसते. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'नें शालेय पुस्तकांत साहित्याची चव आणली, हें त्यांचें ऋण मोठें. पण तिचा खरा लाभ वाचतां येऊं लागलेल्या मुलाला.

या बाबतींत अत्यंत विचारपूर्वक काम झालें तें फलटणास. अमेरिकेंत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन तेथें स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि १९८४ मध्यें त्यांनीं प्रगत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या पद्धतींत सगळीं अक्षरें आधीं नाहींत. थोडीं अक्षरें आणि त्यांच्याबरोबरच स्वरचिन्ह असा गट करावयाचा, त्यांतून होणारे ओळखीचे शब्द लगेच वाचावयाचे व लिहावयाचे, मग पुढचा गट. समजा, म, ल, प, र हीं चार अक्षरें घेतलीं आणि काना दिला. लागलीच मामा, पाला, माल, पार हे शब्द हातीं येतात, आणि पारावर बसलेल्या मामांविषयीं बोलणेंही सुरू होतें. जुन्या क्रमांतला नियम येथें सुटत नाहीं, आणि अर्थ वर्षभर ताटकळत बसत नाहीं. पहिल्या एकदोन गटांतला मजकूर कांहींसा तुटक राहतो, हें खरें. त्याला शिक्षकानें मोठ्यानें वाचून दाखविलेल्या गोष्टींची जोड नसेल तर ही पद्धतिही कवाइतच होईल.

अर्थ हा नंतर घालावयाचा मसाला आहे असें मानणाऱ्यांनीं 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द मोठ्यानें म्हणून पाहावे. 'च' एकच, ध्वनि दोन. कोणता उच्चार करावयाचा हें अक्षर सांगत नाहीं. शब्द ओळखीचा असेल तरच जीभ योग्य जागीं जाते. आमच्या नाशिक जिल्ह्यांत सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांतील पुष्कळ मुलें घरीं कोकणा बोलतात, बागलाणांत अहिराणी. पुस्तकी मराठी त्यांना अर्धी परकी. अशा मुलाला अर्थावांचून अक्षरें घोटावयास लावणें म्हणजे त्याच्या हातांतली एकुलती काठी काढून घेणें. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस काम आरंभिलें व पुढें कोसबाडास वारली मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच कुरणांत न्यावी, हा तो विचार. मुलाच्या भाषेपाशीं जाण्याचा विचार याच जातीचा आहे; तो मात्र पाठ्यपुस्तकांच्या पानांत अजून पुरता उतरलेला नाहीं.

लेखनाची स्थिति याहून वाईट. रोज दहा ओळी शुद्धलेखन, म्हणजे दुसऱ्याचें वाक्य उतरविणें. पुढें निबंध, म्हणजे फळ्यावरचा निबंध उतरविणें. महाविद्यालयांत माझ्यापुढें असे विद्यार्थी दरवर्षीं येतात, ज्यांचें अक्षर मोत्यासारखें असतें आणि ज्यांना काल बाजारांत काय पाहिलें हें पांच वाक्यांत लिहितां येत नाहीं. त्यांच्या बुद्धींत उणें नाहीं. स्वतःचें वाक्य लिहावयास त्यांना कोणी सांगितलेंच नव्हतें. पहिलींतल्या मुलानें 'आमची शेळी याली' एवढेंच लिहिलें, त्यांत वेलांटी चुकली, तरी शिक्षकानें आधीं शेळीची चौकशी करावी आणि वेलांटी मागाहून पाहावी.

दोन शिक्षक आणि चार वर्ग अशा जिल्हा परिषदेच्या शाळेंत हें कसें साधावें, हा आक्षेप रास्त आहे. तेथें मोठ्या मुलांनीं धाकट्यांना वाचून दाखवावें, आणि गोष्टींचीं पुस्तकें कुलुपांतल्या कपाटांतून काढून मुलांच्या हातास येतील अशीं दोरीवर टांगावीं. तीं फाटतील, फाटलेल्या पुस्तकांबद्दल मुख्याध्यापकाला जाब विचारूं नये, असा हुकूम मात्र आधीं निघाला पाहिजे.